पाणी ओतून द्यायचं नाही

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातली जुनी माणसं कॉलर्डच्या भाजीसाठी थंडीची वाट पाहतात. दुकानात जुड्या बारा महिने असतात, तरी घरच्या वाफ्यातली पानं नोव्हेंबर उजाडेपर्यंत खुडायची नाहीत असा त्यांचा दंडक असतो. रात्री पारा शून्याखाली गेला, सकाळी पानांवर दहिवर गोठलेलं दिसलं, की सुरी घेऊन परसात जायचं. यामागे पक्कं कारण आहे. गारठ्यात तग धरायला हे झाड साठवलेल्या स्टार्चची साखर करतं. साखर असलेलं पाणी लवकर गोठत नाही, म्हणून पान वाचतं, आणि ती साखर मग आपल्या जिभेला कळते. उन्हाळ्यातलं कॉलर्ड उग्र लागतं. डिसेंबरातल्या पानाला कडसरपणाच्या मागून गोडवा येतो.

कॉलर्ड म्हणजे गड्डा न धरणारा कोबीच. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली आणि हे कॉलर्ड, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं सगळी एकाच जातीची. काश्मिरी घरांतला हाक नावाचा पालाही याच गोतावळ्यातला. साउथ कॅरोलिनानं 2011 साली कॉलर्डला राज्याची अधिकृत भाजी ठरवलं. आमच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात एडन नावाचं छोटं गाव आहे, तिथं 1975 पासून कॉलर्डचा उत्सव भरतो. त्याच भागात पिवळट, पातळ पानांचं एक वाण आहे, लोक त्याला कॅबेज कॉलर्ड म्हणतात आणि घरचं बी राखून लावतात. सुपरमार्केटात मिळतं ते वेगळं: जाड, निळसर हिरवं, मेणाची झाक असलेलं पान. त्यावर पाणी टाकलं तर भिजत नाही, थेंब घरंगळून जातात.

डरहॅमला राहायला आल्यावर मला ही भाजी शिकवली ती शेजारच्या बाईंनी. त्या सत्तरी ओलांडलेल्या, माहेर एडनच्या बाजूचं. मी त्यांना 'मॅम' म्हणते, त्या मला 'बेबी' म्हणतात, आणि या दोन शब्दांवर आमचं छान चालतं. शिकवणं म्हणजे त्यांनी कधी प्रमाण सांगितलं नाही. सिंकशी उभं केलं आणि म्हणाल्या, "आधी धू. बाकीचं नंतर बोलू."

कॉलर्डच्या पानाच्या मागच्या बाजूला, शिरांच्या बेचक्यात बारीक वाळू दडलेली असते. नळाखाली धरून ती जात नाही. सिंकला बूच लावायचं, गार पाणी भरायचं, पानं बुडवून हातानं वरखाली करायची आणि जरा तशीच ठेवायची. मग पानं वर उचलून घ्यायची. पाणी आधी सोडलं तर तळाशी बसलेली वाळू पुन्हा पानांवर येऊन बसते, म्हणून पानं आधी आणि पाणी मागाहून. सिंकच्या तळाला बोट फिरवून बघायचं. खरखर लागली तर पुन्हा पाणी भरायचं. बाई दरवेळी स्वतः येऊन तळाला बोट लावून बघायच्या. "वाळू दाताखाली आली, तर भाजी संपली, बेबी."

मग निवडणं. एका हातात देठ धरायचा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांची चिमूट देठाला लावून सर्रकन खालून वर ओढायची. पान दोन्ही बाजूंनी सुटून हातात येतं, देठ दुसऱ्या हातात राहतो. कोवळा देठ चिरून भाजीत घालायचा, जून असेल तर टाकायचा. पाच-सहा पानं एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करायची आणि बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या. फार बारीक चिरायचं नाही. ही भाजी तास-दीड तास शिजणार असते, बारीक चिरलेलं पान त्यात विरघळून जातं, आणि पान पान म्हणून जिभेला लागायला हवं.

खरं काम मात्र पातेल्यात आधीच सुरू झालेलं असतं. डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा तुकडा, मीठ लावून धुरावलेला, पाण्यात घालून कांदा, लसूण आणि कुटलेली लाल मिरची यांच्यासोबत तास-दीड तास आधीच शिजायला ठेवतात. या तुकड्यात मांस थोडं, हाड, कातडं आणि चिवट स्नायूबंधच जास्त. तेच हवं असतं. मंद आचेवर त्यातल्या कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि पाण्याला अंग येतं, पळी बुडवून काढली की तिच्यावर पातळ थर राहतो. मीठ आणि धूर पाण्यात उतरतात. पानं घालण्याआधी हे पाणीच इतकं चवदार झालेलं असायला हवं की नुसतं प्यावंसं वाटेल. आमच्या शेजारच्या बाई रक्तदाबामुळे आता डुक्कर वापरत नाहीत, टर्कीचे धुरावलेले पंख घालतात. अनेक कृष्णवर्णीय घरांत हा बदल झालाय, कुठे प्रकृतीमुळे, कुठे धर्मामुळे. चव थोडी हलकी होते, पण धूर असतोच, आणि धूर असला की बाकीचं निभावतं.

पानं एकदम मावत नाहीत. पातेलं शीग लागेपर्यंत भरायचं, झाकण टेकवायचं, दोन मिनिटांनी ती खाली बसतात, मग पुढची ओंजळ. अख्खं सिंकभर कॉलर्ड बघता बघता पातेल्याच्या तळाशी जातं. त्यानंतर आच कमी करायची, इतकी की पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा यावा. पहिल्या वीस मिनिटांत घरभर गंधकाचा उग्र वास सुटतो. कोबीच्या सगळ्या भावंडांत गंधक असलेली संयुगं असतात, तीच त्यांना कडू आणि तिखट करतात. ज्याला या वासाची सवय नाही तो इथंच गॅस बंद करतो. पण शिजत राहू दिलं तर वास निवतो, कडूपणा पाण्यात उतरून मांसाच्या चवीशी एकजीव होतो. पानांचा रंग जातो, हे मान्य. हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निसटतो आणि झगझगीत हिरवं पान ऑलिव्हसारखं मळकट होतं. काही जुन्या पाकक्रियांत चिमूटभर खायचा सोडा असतो, त्यानं रंग टिकतो, पण पानं लगदा होतात. बाई सोडा वापरत नाहीत. शेवटी चमचाभर सफरचंदाचं व्हिनेगर, हवी तर किंचित साखर. आंबट आधी घातलं तर पान लवकर मऊ होत नाही. जेवणाच्या टेबलावर आणखी एक बाटली असते: व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेल्या छोट्या तिखट मिरच्या. तिच्यातले दोन थेंब वरून.

अळूचं फदफदं ज्यांच्या घरात शिजतं त्यांना या भाजीची रीत समजावून सांगावी लागणार नाही. उग्र पान, त्याला उतारा म्हणून आंबट, आणि शिजण्यात घाई नाही.

इथल्या नव्या रेस्टॉरंटांत हल्ली कॉलर्डच्या अगदी बारीक पट्ट्या ऑलिव्ह तेलात दोन मिनिटं परतून देतात. रंग सुंदर राहतो. मला ती भाजी खायला हरकत नाही, चिडचिड होते ती तिच्यासोबत येणाऱ्या बोलण्यानं. अमेरिकेच्या दक्षिणेतले लोक भाज्या शिजवून शिजवून मारतात, सगळी जीवनसत्त्वं घालवतात, त्यांना भाजी करता येत नाही, असं सहज म्हटलं जातं. उष्णतेनं क जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो हे खरं. पण खनिजं आणि बाकीचं पुष्कळ काही नष्ट होत नाही, ते पाण्यात जातं. आणि ते पाणी कुणी ओतून देत नाही. त्याला इथं पॉटलिकर म्हणतात. वाटीत घेऊन पितात, त्यात कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाची जाड भाकर, बुडवून किंवा कुस्करून खातात, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात. ज्या रीतीत पाणी फेकलंच जात नाही, तिला 'सत्त्व घालवणारी रीत' म्हणणं म्हणजे अर्धंच पातेलं बघून निकाल देणं आहे.

कॉलर्डचं बी युरोपातून आलं. इंग्रज वसाहतवाल्यांनी ते आणलं. मग ही भाजी आफ्रिकी अमेरिकनांची कशी झाली? त्याचं उत्तर पातेल्यात आहे. पश्चिम आफ्रिकेत नाना तऱ्हेचे पाले मंद आचेवर शिजवून, त्यात खारवलेल्या किंवा धुरावलेल्या मासळीचा, मांसाचा तुकडा चवीला घालून, तो रस्सा पिठाच्या गोळ्यासोबत खाण्याची रीत जुनी आहे. 1619 साली व्हर्जिनियाच्या इंग्रज वसाहतीत आफ्रिकी माणसं पकडून आणली गेली आणि पुढची जवळपास अडीचशे वर्षं गुलामी चालली. ती माणसं येताना हात रिकामे घेऊन आली, पण पाल्याचं काय करायचं ही अक्कल घेऊन आली. इथं ओळखीचा पाला नव्हता, कॉलर्ड होतं. ओळखीची मासळी नव्हती, डुकराचा खारवलेला तुकडा होता. पिठाचा गोळा मक्याचा झाला.

फ्रेडरिक डग्लस हा मेरीलंडमध्ये गुलामीत जन्मलेला माणूस. पळून सुटल्यावर त्यानं 1845 साली आपली कहाणी छापली, तीत मळ्यावरच्या शिध्याचा हिशेब आहे: मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढेच मासे, आणि एक बुशेल (सुमारे 35 लिटरचं माप) मक्याचं पीठ. आठ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या थोडं वर. पहाटेपासून रात्रीपर्यंत शेतात राबणाऱ्याला महिन्याला एवढं. या शिध्यात भाजी नाही. भाजी आली ती झोपडीमागच्या तुकड्यातून, जिथं परवानगी असेल तिथं, दिवसभराचं मालकाचं काम संपल्यावर अंधारात लावलेली. कॉलर्ड या हिशेबात फिट्ट बसलं. खालची पानं खुडत राहिलं तर झाड वरून वाढत राहतं, थंडीतही मरत नाही, आणि हिवाळ्यात दुसरं काही हिरवं नसताना ते असतं.

म्हणून 'मालकानं टाकलेल्या तुकड्यांतून गुलामांनी कसंबसं पोट भरलं' ही गोष्ट मला अपुरी वाटते. तुकडे टाकलेले होते, शिधा तुटपुंजा होता, यात शंका नाही. पण तो तुकडा किती वेळ ठेवला की हाडातून अंग सुटतं, कुठला कडूपणा कशानं उतरतो, रात्रभर निखाऱ्यावर पातेलं कसं ठेवायचं म्हणजे पहाटे तयार मिळेल, हे कसबी माणसाचं ज्ञान आहे. मालकाच्या मोठ्या घरातल्या चुलीशीही गुलाम बायकाच होत्या. दक्षिणेचं गोरं जेवण म्हणून जे मिरवतं, त्यातलं किती त्यांच्या हातचं, याचा हिशेब अजून नीट दिला गेलेला नाही.

1931 साली लुइझियानाचा गव्हर्नर ह्युई लाँग आणि अटलांटाच्या वर्तमानपत्राचा संपादक ज्युलियन हॅरिस यांच्यात वाद रंगला: पॉटलिकरमध्ये मक्याची भाकर बुडवावी की कुस्करावी? लाँग बुडवण्याच्या बाजूचा, हॅरिस कुस्करण्याच्या. मंदीचे दिवस होते, वर्तमानपत्रांनी आठवडेच्या आठवडे हा विषय चघळला. वाचायला मजा येते, पण त्यात हे पाणी जपणाऱ्या, पिढ्यान् पिढ्या पिणाऱ्या माणसांना जागा सापडत नाही. बाईंना विचारलं तर त्या कुस्करतात.

मला या भाजीशी जोडून सांगावीशी वाटते ती जॉर्जिया गिल्मोर. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात त्या स्वयंपाकीण होत्या. डिसेंबर 1955 मध्ये बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी शहरबसवर बहिष्कार टाकला, तो 381 दिवस चालला. इतके दिवस हजारो माणसांना कामावर ने-आण करायची म्हणजे गाड्या आल्या, पेट्रोल आलं, पैसा आला. गिल्मोरबाईंनी शेजारपाजारच्या बायका जमवल्या. त्या घरी रांधायच्या: तळलेलं चिकन, मासे, सारण भरून भाजलेली गोड 'पाय' (pie), केक, शिजवलेल्या पालेभाज्या. केशकर्तनालयांत, टॅक्सीथांब्यावर, चर्चमधल्या सभांत हे विकायचं आणि जमलेला पैसा चळवळीच्या हाती द्यायचा. यातल्या कितीतरी बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, नाव बाहेर आलं असतं तर काम गेलं असतं. म्हणून त्यांनी आपल्या गटाचं नाव ठेवलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे कुठून आले म्हणून कुणी विचारलं, तर उत्तर खरंच: कुठूनही नाही.

गिल्मोरबाईंनी स्वतः मात्र लपवाछपवी केली नाही. 1956 मध्ये बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर खटला झाला तेव्हा त्यांनी कोर्टात उभं राहून बसमध्ये आपल्याशी काय झालं ते सांगितलं. नोकरी गेली. किंगनी त्यांना घरातच खानावळ सुरू करायला सुचवलं आणि मदत केली. मग त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती चळवळीतली माणसं, शहरातली माणसं, काळी आणि गोरी, दाटीवाटीनं जेवू लागली. 7 मार्च 1990 रोजी, मताधिकारासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी, मोर्चेकऱ्यांसाठी स्वयंपाक करत असतानाच त्यांची प्रकृती बिघडली आणि त्या गेल्या. त्यांनी रांधलेलं अन्न त्यांच्या दुःखात जमलेल्या लोकांनी खाल्लं. अमेरिकेत आल्यापासून मी पुष्कळ पुतळे पाहिले. स्वयंपाकिणींचे फार कमी.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जवळची आहे. नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीय मुस्लिमांच्या संघटनेचे नेते एलायजा मुहम्मद यांनी आपल्या अनुयायांना डुक्कर तर वर्ज्य केलंच, शिवाय कॉलर्ड, चवळी, रताळी हे सगळं गुलामीचं अन्न म्हणून सोडायला सांगितलं. ज्या अन्नावर मालकानं तुम्हाला जगवलं ते अन्न अंगातून काढून टाका, असा तो विचार. शेजारच्या बाईंच्या धाकट्या दिरानं तारुण्यात हे पाळलं, त्यांच्या टेबलावर बसून कॉलर्ड खाल्लं नाही. बाई आजही ते सांगताना रागावत नाहीत.

मलाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. माझ्या आजीचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागणं सोडा असं सांगितलं. ते गावोगाव पोचलं तसं आजीच्या माहेरीही पोचलं. त्या घरानं ढोर ओढणं सोडलं, मांस सोडलं. वाळवलेल्या मांसाच्या चान्या कशा करायच्या हे आजीच्या आईला ठाऊक होतं, आजीला तिनं ते शिकवलं नाही. उपाशी राहायची वेळ आली तरी घरानं मागं पाहिलं नाही, असं आजी सांगायची आणि सांगताना तिची मान ताठ असायची. आज आमच्यातली नवी पिढी त्या जुन्या चवी, वजडी, रक्ती, पुन्हा लिहून ठेवतेय, अभिमानानं रांधतेय. मला दोन्ही पटतं. सोडणाऱ्यांनी सोडलं तेव्हा ते सोडणंच गरजेचं होतं. जपणाऱ्यांनी जपलं म्हणून आज रांधायला काहीतरी उरलंय. डरहॅमच्या त्या स्वयंपाकघरात उभी असताना मला आजी आठवते ती यामुळे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं होतं. हे दोन देश एकमेकांकडे बघत आलेत, त्याला आता दीडशे वर्षं झाली.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी इथं कॉलर्ड, चवळी आणि कॉर्नब्रेड हवंच. हिरवी पानं म्हणजे नोटा, चवळी म्हणजे नाणी, कॉर्नब्रेड म्हणजे सोनं, असं हसत हसत सांगतात. पण गुलामीच्या काळात 1 जानेवारीचा दिवस भीतीचा होता. वर्षाचे करार त्या दिवशी व्हायचे, माणसं भाड्यानं दिली जायची, विकली जायची, घरं फुटायची. 31 डिसेंबर 1862 च्या रात्री लोक चर्चमध्ये जागत बसले, कारण दुसऱ्या दिवशी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता. कितीतरी कृष्णवर्णीय चर्चमध्ये अजून ती रात्र जागवतात. बाई रात्री चर्चला जाण्याआधीच पातेलं चढवतात, अगदी मंद, आणि घरात कुणीतरी मागं राहून त्याच्याकडे बघायचं असतं. गेली काही वर्षं ते काम माझ्याकडे आहे. चवळी भिजत टाकायचं कामही माझंच. चवळी मूळची आफ्रिकेतली, आपल्याकडे ती हजारो वर्षांपूर्वी आली आणि इकडे गुलामांच्या जहाजांबरोबर. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या चवळीच्या उसळीची कृती मागून घेतली. गोडा मसाला त्यांना आवडला, गूळ नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या शाकाहारी मैत्रिणी विचारतात, मांसाशिवाय होईल का? होईल. कांदा जरा जास्त, तेलात चांगला लाल होईपर्यंत परता, लसूण सढळ हातानं, धुरावलेली पाप्रिका असेल तर चमचाभर, नसेल तर सुकी लाल मिरची बिडाच्या तव्यावर काळपट होईस्तोवर भाजून कुटा. दोन-चार वाळवलेल्या अळंब्या टाकल्या तर पाण्याला अंग येतं. पाणी पानांच्या बरोबरीनं हवं, कमी नको. तास सव्वा तास ठेवा आणि मीठ शेवटी चाखून घाला, कारण पाणी आटत जातं. उरलं तर दुसऱ्या दिवशी आणखी चांगलं लागतं. भाकरी असेल तर कुस्करा.